विश्लेषण : छायाचित्रात होत्या, इतिहासात का नव्हत्या? ‘एनिआक’च्या सहा महिला प्रोग्रामर कशा सापडल्या?

भिंतीएवढे यंत्र, त्यावर शेकडो तारा, बटणे आणि दिवे. यंत्रासमोर काही पुरुष आणि काही तरुणी. १९४०च्या दशकातील या कृष्णधवल छायाचित्रांखाली पुरुषांची नावे छापलेली असत, तरुणींची बहुतेक वेळा नसत. पुढची चाळीस वर्षे त्या कोण, हे फारसे कुणी विचारले नाही. १९८०च्या दशकात एका विद्यार्थिनीने विचारले, आणि संगणकाच्या इतिहासातील एक मोठी गाळलेली जागा समोर आली. हा शोध कसा लागला आणि तो आजही का महत्त्वाचा आहे?

प्रश्न कुणाला पडला?

कॅथी क्लायमन ही १९८०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात शिकत होती. संगणकाचे वर्ग जसजसे वरच्या पातळीचे होत गेले, तसतशी वर्गातील मुलींची संख्या घटत गेल्याचे तिच्या लक्षात आले. या क्षेत्रात आधी कोणी महिला होत्या का, याचा शोध घेताना तिला दोन नावे मिळाली : एकोणिसाव्या शतकातील अ‍ॅडा लव्हलेस आणि विसाव्या शतकातील ग्रेस हॉपर. त्यापुढे काहीच नव्हते. मग ‘एनिआक’ या संगणकाची जुनी छायाचित्रे तिच्या हाती लागली. त्यातील तरुणी यंत्रासमोर सराईतपणे काम करताना दिसत होत्या. तिने संगणक इतिहासाच्या एका जाणकाराला त्यांच्याविषयी विचारले. उत्तर मिळाले, त्या ‘रेफ्रिजरेटर लेडीज’. म्हणजे फ्रिजच्या जाहिरातीत दार उघडून हसणाऱ्या मॉडेलसारख्या, यंत्र चांगले दिसावे म्हणून उभ्या केलेल्या मुली.

हे उत्तर क्लायमनला पटले नाही. १९८६ मध्ये एनिआकच्या चाळिसाव्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम होता. ती तिथे गेली आणि छायाचित्रातील काही जणी तिला प्रत्यक्ष भेटल्या. तेव्हा त्या साठीच्या घरात होत्या. त्या मॉडेल नव्हत्या. ते यंत्र त्यांनी चालवले होते.

‘कॉम्प्युटर’ हा हुद्दा होता?

होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘कॉम्प्युटर’ म्हणजे आकडेमोड करणारी व्यक्ती. तोफ किती अंशांत उचलली, वारा कसा आहे, हवेची घनता किती, गोळ्याचे वजन किती, यावर गोळा कुठे पडेल हे ठरते. आघाडीवरचा सैनिक हे गणित मांडत बसत नाही. त्याला तयार कोष्टक लागते. अशा एका कोष्टकासाठी गोळ्याचे दोन ते चार हजार मार्ग काढावे लागत. टेबलावरच्या गणनयंत्राने एक मार्ग काढायला एका व्यक्तीला ३० ते ४० तास लागत.

पुरुष युद्धावर गेले होते. त्यामुळे गणिताच्या पदवीधर महिला हव्यात, अशी जाहिरात लष्कराने दिली. फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूल ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगमध्ये अशा महिलांचा मोठा गट बसवण्यात आला. कॅथलीन उर्फ के मॅकनल्टी आणि फ्रान्सिस बिलास या दोघी १९४२ मध्ये एकाच महाविद्यालयातून गणित घेऊन पदवीधर झाल्या आणि लगेच या कामावर रुजू झाल्या. वार्षिक पगार १,६२० डॉलर. सरकारी दप्तरात त्यांची श्रेणी होती ‘सबप्रोफेशनल’, म्हणजे व्यावसायिकांच्या खालची. पदवी गणिताची, काम विकलक समीकरणे सोडवण्याचे आणि श्रेणी मात्र मदतनिसाची. पुढे जे झाले त्याची सुरुवात या एका शब्दात आहे.

एनिआक काय होते?

माणसांनी कितीही मेहनत केली तरी कोष्टके वेळेत पुरी होईनात. मूर स्कूलमधील जॉन मॉक्ली आणि प्रेस्पर एकर्ट यांनी व्हॅक्यूम ट्यूब वापरून ही गणिते करणारे यंत्र सुचवले. १९४३ मध्ये लष्कराने त्याला पैसे दिले. या यंत्राचे नाव ‘इलेक्ट्रॉनिक न्यूमरिकल इंटिग्रेटर अ‍ॅण्ड कॉम्प्युटर’, म्हणजेच एनिआक. सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब, जवळपास ३० टन वजन, ४० उंच पॅनेल आणि सेकंदाला पाच हजार बेरजा. वेगवेगळ्या कामांसाठी प्रोग्राम करता येणारा पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक डिजिटल संगणक म्हणून तो ओळखला जातो. मात्र तो पुरा होईपर्यंत युद्ध संपले होते. १९४५च्या अखेरीस त्यावर पहिले मोठे गणित चालले ते तोफगोळ्यांचे नव्हे, तर लॉस अलामॉसच्या शास्त्रज्ञांनी आणलेले हायड्रोजन बॉम्बसंबंधीचे होते.

यंत्र आले, पण ते चालवणार कोण? त्याला गणित समजावून सांगणारी माणसे हवी होती.

सहा जणींची निवड कशी झाली?

१९४५ मध्ये ‘कॉम्प्युटर’ महिलांमधून सहा जणी निवडण्यात आल्या. के मॅकनल्टी, फ्रान्सिस बिलास, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, रूथ लिक्टरमन आणि जीन जेनिंग्ज. के मूळची आयर्लंडच्या डोनेगलमधली. लहानपणी अमेरिकेत आली तेव्हा तिला आयरिश भाषाच येत होती. जीन मिसुरीतल्या शेतकरी घरातली. मुलाखतीत तिला विचारण्यात आले, विजेबद्दल तुझे काय मत आहे? तिने भौतिकशास्त्रात शिकलेला ओहमचा नियम सांगायला सुरुवात केली. प्रश्नकर्त्याला एवढेच जाणून घ्यायचे होते की ती विजेला घाबरते का! बेटी स्नायडरला तर महाविद्यालयात गणिताच्या प्राध्यापकाने घरी बसून मुले सांभाळण्याचा सल्ला दिला होता. तिने मग गणित सोडून पत्रकारिता घेतली. युद्धाने तिला पुन्हा गणिताकडे आणले.

प्रशिक्षणासाठी त्यांना मेरिलँडमधील अ‍ॅबरडीनच्या लष्करी तळावर पाठवण्यात आले. तिथे त्या पंचकार्ड यंत्रे शिकल्या. परतल्यावर त्यांच्या हातात एनिआकच्या पॅनेलचे आराखडे देण्यात आले. यंत्र पाहण्याची सुरक्षा परवानगी मात्र सुरुवातीला नव्हती. हे यंत्र कसे चालते ते शोधा आणि मग ते कसे चालवायचे तेही शोधा, असे ते काम होते. माहितीपुस्तिका नव्हती. प्रोग्रामिंगची भाषा नावाची गोष्टच नव्हती. अडले की अभियंत्यांना गाठून विचारायचे, एवढाच आधार. अ‍ॅडेल गोल्डस्टाइन यांनी लिहिलेली तांत्रिक पुस्तिका १९४६ मध्ये आली. त्याही महिलाच, हेही फारसे कुणाला ठाऊक नसते.

‘प्रोग्राम’ करायचा म्हणजे नेमके काय?

आज प्रोग्राम म्हणजे पडद्यावर लिहिलेला मजकूर. एनिआकवर तो शारीरिक श्रमाचा भाग होता. आधी कागदावर समीकरणाचे तुकडे पाडायचे. यंत्राला फक्त बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांसारख्या साध्या क्रिया कळत. म्हणून संपूर्ण गणित अशा छोट्या पायऱ्यांत बसवायचे. कोणती पायरी कोणत्या पॅनेलवर होईल, तिचे उत्तर कुठे जाईल, पुढची क्रिया नेमकी कधी सुरू होईल हे ठरवायचे. मग जाड तारा एका पॅनेलमधून काढून दुसऱ्यात जोडायच्या आणि सुमारे तीन हजार बटणे हवी तशी लावायची. गणित बदलले की सगळे उचकटून पुन्हा जोडायचे. यात अनेक दिवस जात.

बिघाड शोधणे हे आणखी एक काम. उत्तर चुकले तर चूक गणितात आहे, जोडणीत आहे की १८ हजारांपैकी एखादी ट्यूब गेली आहे, हे ओळखायचे. आराखडे तोंडपाठ झाल्यामुळे या महिला बिघाड थेट त्या ट्यूबपर्यंत नेऊन दाखवू शकत, असे जीनने पुढे सांगितले आहे. आज ज्याला ‘डिबगिंग’ म्हणतात, ते त्या हाताने करत होत्या.

उद्घाटनाच्या वेळी काय घडले?

फेब्रुवारी १९४६ मध्ये एनिआक जगासमोर आणले गेले. प्रात्यक्षिकासाठी तोफगोळ्याच्या मार्गाचे गणित निवडण्यात आले होते. त्याचा प्रोग्राम जीन आणि बेटी यांनी तयार केला. आदल्या रात्रीपर्यंत एक दोष सुटेना. गोळा जमिनीवर आदळल्यावर गणित थांबायला हवे होते, पण ते पुढे चालूच राहत होते. म्हणजे गोळा जणू जमिनीत घुसत राहिला होता. दोघी घरी गेल्या. बेटीला झोपेत उत्तर सुचले. सकाळी लवकर येऊन तिने एक बटण बदलले आणि गणित जिथे थांबायला हवे तिथे थांबले.

प्रात्यक्षिक जोरात झाले. खरा गोळा हवेत जेवढा वेळ राहील, त्याहून कमी वेळात, सुमारे २० सेकंदांत, यंत्राने त्याचा मार्ग काढून दाखवला. टाळ्या पडल्या, छायाचित्रे निघाली. त्या रात्री मान्यवरांसाठी मेजवानी होती. या महिलांना तिचे निमंत्रण नव्हते. वृत्तपत्रांत यंत्राचे आणि अभियंत्यांचे कौतुक झाले. प्रोग्राम कुणी केला, हा प्रश्नच त्या बातम्यांत नव्हता. पुढे लष्कराच्या भरतीच्या एका जाहिरातीसाठी एनिआकचे छायाचित्र वापरताना त्यातल्या महिला कापून टाकण्यात आल्या आणि गणवेशातील पुरुष ठेवण्यात आला.

त्यांचे विस्मरण का झाले?

एका कुणी दुष्टपणे नावे खोडली, असे झालेले नाही. म्हणूनच हा विषय समजून घेण्यासारखा आहे. पहिले कारण हुद्दा. दप्तरात ज्याची नोंद मदतनीस म्हणून होते, त्याचे नाव अहवालात येत नाही. अहवालात नसलेले नाव पुढे पुस्तकात येत नाही. दुसरे कारण, यंत्र म्हणजेच शोध ही समजूत. त्या काळी हार्डवेअर बांधणे हे अभियांत्रिकीचे काम मानले जाई आणि ते चालवणे हे कारकुनी. महिलांना ते काम मिळाले, कारण ते दुय्यम समजले गेले. आणि महिला ते करत होत्या म्हणून ते दुय्यमच राहिले. तिसरे कारण गुप्तता. काम लष्कराचे असल्याने त्याविषयी मोकळेपणाने बोलणे शक्यच नव्हते.

चौथे कारण कमी चर्चेत येते. एनिआकचा इतिहास बराचसा पेटंटच्या भांडणातून लिहिला गेला. संगणकाचा खरा जनक कोण, यावर अमेरिकेत मोठा खटला चालला आणि १९७३ मध्ये न्यायालयाने एनिआकचे पेटंट रद्द ठरवले. या वादात साक्षी, कागदपत्रे, पुस्तके सगळी ‘यंत्र प्रथम कुणी बांधले’ याभोवती फिरली. ते ‘प्रथम कुणी चालवले’ याला पेटंट नव्हते, म्हणून त्याला पुरावेही कुणी मागितले नाहीत.

संशोधन अवघड का होते?

आपल्याकडच्या वाचकांना सहज कळेल अशी एक अडचण म्हणजे आडनावे. दप्तरात नावे माहेरची, आणि १९८०च्या दशकात त्या महिला सासरच्या नावाने जगत होत्या. बेटी स्नायडर हॉलबर्टन झाली, जीन जेनिंग्ज बार्टिक झाली, मार्लिन वेस्कॉफ मेल्ट्झर, फ्रान्सिस बिलास स्पेन्स आणि रूथ लिक्टरमन टायटलबॉम झाली. के मॅकनल्टीने १९४८ मध्ये खुद्द जॉन मॉक्ली यांच्याशी लग्न केले. मॉक्ली यांच्या निधनानंतर तिचा पुन्हा विवाह झाला आणि ती अँटोनेली झाली. म्हणजे पगारपत्रकावरील नावावरून जिवंत माणसापर्यंत पोहोचायचे तर मधला धागा कुणीतरी जोडून द्यावा लागतो.

दुसरी अडचण वेळेची. रूथ १९८६ मध्येच गेली. क्लायमनने नंतर के, जीन, बेटी आणि मार्लिन या चौघींच्या प्रदीर्घ मुलाखती ध्वनिचित्रमुद्रित करून घेतल्या. आज या सहांपैकी कुणीही हयात नाही. त्या मुलाखती झाल्या नसत्या तर झोपेत सुचलेल्या बटणाची आणि न मिळालेल्या निमंत्रणाची गोष्ट आज उरली नसती. कोणत्याही सरकारी कागदात ती नाही.

दखल घेतली गेली, पण उशिरा. १९९६ मध्ये एनिआकला ५० वर्षे झाली, तेव्हा ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मधील स्तंभातून ही कथा मोठ्या वाचकवर्गापर्यंत गेली. १९९७ मध्ये सहाही जणींचा ‘विमेन इन टेक्नॉलॉजी इंटरनॅशनल’ने सन्मान केला. जेनिफर लाइट यांचा १९९९ मधील शोधनिबंध या विषयात महत्त्वाचा मानला जातो. क्लायमनने माहितीपट केला आणि २०२२ मध्ये ‘प्रूव्हिंग ग्राउंड’ हे पुस्तक लिहिले. विद्यार्थिनीच्या एका प्रश्नापासून पुस्तकापर्यंत साडेतीन दशके गेली.

मग वाद कशावर आहे?

या महिलांना ‘प्रोग्रामर’ म्हणावे की ‘ऑपरेटर’, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. टॉमस हेग, मार्क प्रीस्टली आणि क्रिस्पिन रोप यांच्या २०१६ मधील ‘एनिआक इन अ‍ॅक्शन’ या पुस्तकाची मांडणी अशी की, ‘प्रोग्रामर’ हा हुद्दा तेव्हा अस्तित्वातच नव्हता. गणिताची मांडणी, जोडणी आणि यंत्र चालवणे ही कामे एकमेकांत मिसळलेली होती. ‘ऑपरेटर’ शब्द आपल्याला कमीपणाचा वाटतो म्हणून आपण तो टाळतो. पण यंत्र चालवणे हेही कौशल्याचेच काम होते.

या आक्षेपात तथ्य आहे. मात्र त्याने या सहा जणींचे महत्त्व कमी होत नाही, उलट प्रश्न अधिक मोठा होतो. फक्त ‘प्रोग्रामर’ ठरल्या तरच त्या लक्षात ठेवण्याजोग्या, असे मानले तर जी उतरंड त्यांच्यावर अन्याय करून गेली, तीच आपण पुढे चालवतो. एनिआकच्या तारा जोडणाऱ्या आणि सांधे डाखणाऱ्याही महिला होत्या. १९४८ मध्ये एनिआकवर अणुसंशोधनाची ‘माँटे कार्लो’ पद्धतीची गणिते चालली, त्यांचे कोड क्लारा फॉन नॉयमन यांनी लिहिले. सहा नावांचे स्मारक उभारून बाकीच्यांना पुन्हा अंधारात ढकलणे म्हणजे जुनी चूक नव्या रूपात करणे.

पुढे या महिलांनी काय केले?

बेटी हॉलबर्टन यांनी ‘युनिव्हॅक’ संगणकावर काम केले, माहितीचे आपोआप वर्गीकरण करणारा प्रोग्राम लिहिला आणि ‘कोबोल’ व ‘फोरट्रान’ या भाषांच्या घडणीत व प्रमाणीकरणात भाग घेतला. बँका आणि विमा कंपन्यांचे व्यवहार अनेक दशके कोबोलवर चालले, हे लक्षात घेतले तर या योगदानाचे वजन कळते. जीन बार्टिक यांनी एनिआकला साठवलेल्या सूचनांवर चालणारे यंत्र बनवण्याच्या कामात एका गटाचे नेतृत्व केले. त्यांना संगणक क्षेत्रातील मोठे सन्मान मिळाले ते २००८ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर. डब्लिन सिटी युनिव्हर्सिटीने आपल्या संगणकशास्त्राच्या इमारतीला के मॅकनल्टीचे नाव दिले. आयर्लंडच्या एका महासंगणकाचे नावही ‘के’ होते.

आज हे का महत्त्वाचे?

अमेरिकेत १९८४च्या सुमारास संगणकशास्त्राच्या पदवीधरांत महिलांचे प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास होते. पुढच्या तीन दशकांत ते १८ टक्क्यांपर्यंत घसरले. या घसरणीची कारणे अनेक आहेत. पण ‘हे क्षेत्र मुळातच पुरुषांचे’ हा समज त्यात होता आणि तो इतिहासाच्या आधारावर उभा होता. तो आधारच खोटा होता. पहिल्या पिढीत महिला पाहुण्या म्हणून आल्या नव्हत्या, त्या कामाच्या मध्यभागी होत्या.

इथे आपल्यासाठीही एक काम आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. त्यानंतर राज्यातील विद्यापीठांत, बँकांत, विमा कार्यालयांत आणि कारखान्यांत संगणक आले. पंचकार्ड भरणारे, कोड लिहिणारे, रात्रपाळीत यंत्र चालवणारे हात त्यामागे होते. त्या पिढीतील बरीच माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. विद्यापीठांच्या संगणक आणि इतिहास विभागांनी एकत्र येऊन त्यांच्या मुलाखती घ्यायला, हजेरीपटावरची नावे माणसांशी जोडायला फार खर्च येत नाही. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रकल्प त्याला पुरेसा आहे.

क्लायमनकडे अनुदान नव्हते, पदही नव्हते. तिच्याकडे एक छायाचित्र होते आणि ‘या कोण?’ हा प्रश्न होता. कार्यालयांच्या आणि महाविद्यालयांच्या जुन्या अल्बममध्ये अशी छायाचित्रे आजही असतील. ओळखून नाव सांगणारे कुणी आहे तोवर मागच्या बाजूला पेन्सिलीने ते लिहून ठेवले, तर पुढच्या क्लायमनला साडेतीन दशके खर्च करावी लागणार नाहीत.